डिझेलची गाळणी आणि आपला निष्काळजीपणा



धान कापून झाले, चुरणे आटोपले की आमच्या परसवाड्याच्या रस्त्यांवर पिकअप गाड्यांची वर्दळ सुरू होते. खळ्यावरून खरेदी केंद्राकडे, घरून गिरणीकडे, बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन, उन्हाळ्यात मोहफुले घेऊन या गाड्या धावत असतात. ज्या अंगणात पूर्वी बैलबंडी उभी असे, त्या अंगणात आज हप्त्यावर घेतलेली पिकअप उभी दिसते. बैलाला वैरणपाणी वेळेवर मिळते की नाही हे घरातले लहान पोरही पाहत असे. पिकअपच्या पोटात काय जाते, हे मात्र आपण कोणीच पाहत नाही. आज याच गोष्टीविषयी चार शब्द लिहायचे आहेत. विषय यंत्राचा असला तरी तो शेतीचा आहे आणि आरोग्याचाही आहे, हे पुढे वाचल्यावर आपल्या ध्यानात येईल.

गेल्या श्रावणातील गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास एका घरून निरोप आला. सून बाळंतपणाच्या वेणांनी तळमळत होती आणि रुग्णवाहिका दुसऱ्या गावी रुग्ण आणायला गेली होती. आम्ही धर्मग्रामाची पिकअप काढली. त्या बाईला व तिच्या सासूला पुढच्या बाकावर बसवले आणि बालाघाटची वाट धरली. चढ लागला तशी गाडी धापा टाकू लागली, दोन आचके दिले आणि बंद पडली. पावसाची झड, दोन्ही बाजूंना जंगल आणि मोबाईलला रेंज नाही. सव्वा तासाने दुसरी गाडी मिळाली. परमेश्वराच्या कृपेने माय आणि लेकरू दोघेही सुखरूप आहेत. पण तो सव्वा तास आम्ही जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने डिझेलचा फिल्टर काढून परातीत उपडा केला. त्यातून तांबूस पाणी निघाले. आतला कागद एका बाजूने डिंक सुटून लोंबत होता. हा फिल्टर दोन महिन्यांपूर्वी आम्हीच आणला होता. कंपनीच्या फिल्टरपेक्षा दीडशे रुपयांनी स्वस्त मिळाला, म्हणून घेतला होता. विकणाऱ्याचा दोष होताच. परंतु पाणी साचल्याचा पिवळा दिवा काट्यांच्या तबकडीवर दोन दिवस लागत होता आणि आम्ही तो पाहून न पाहिल्यासारखे केले. हा दोष आमचाच, दुसऱ्या कोणाचा नव्हे. म्हणून हा लेख आम्ही उपदेशक म्हणून लिहीत नाही. ठेच लागलेला मागच्याला सावध करतो, त्या नात्याने लिहीत आहोत.

फडक्याने काय गाळले जाते आणि काय नाही

आपल्यापैकी जे वडीलधारे आहेत त्यांना नारू रोग आठवत असेल. विहिरीच्या, बावडीच्या पाण्यातील बारीक जलपिसवांच्या पोटी हा जंतू असे. ते पाणी प्यायल्यावर वर्षभराने माणसाच्या पायातून दोरीसारखा लांब किडा बाहेर येई. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान अशा कित्येक राज्यांत या रोगाने ऐन पेरणीच्या दिवसांत माणसे अंथरुणाला खिळत. १९८३-८४ पासून सरकारने त्याविरुद्ध मोहीम चालवली. पायऱ्यांच्या विहिरी सुधारल्या, हातपंप बसवले आणि घरोघरी सांगितले की, पाणी फडक्याने गाळून प्या. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एका साध्या फडक्याचा त्यात मोठा वाटा होता.

परंतु त्याच फडक्याने पटकी वा कावीळ यांच्यापासून तसे संरक्षण मिळत नाही. जलपिसू डोळ्यांना दिसण्याइतपत मोठी असते, म्हणून ती फडक्यात अडकते. रोगजंतू तिच्या शेकडो पटींनी बारीक असतात. ते फडक्याच्या विणीतून सहज पार होतात. म्हणून पाणी गाळल्यावर उकळायचेही असते. जेवढे भोक, तेवढेच अडकणार. गाळणीचा सगळा न्याय या एका वाक्यात आहे.

आता डिझेलकडे वळू. ड्रममधून गाडीत डिझेल ओतताना आपण नरसाळ्यावर पंचा धरतो आणि काडीकचरा अडला की समाधान मानतो. पण इंजिनाला काडीकचऱ्याचे भय फारसे नाही. भय आहे ते न दिसणाऱ्या धुळीचे. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चाळीस मायक्रॉनपेक्षा बारीक कण आपल्या नजरेला दिसत नाही. आणि आजच्या पिकअपच्या इंजेक्टरमधील सुई व तिचे घर यांच्यामध्ये जी फट असते ती अवघी दोन ते चार मायक्रॉनची. त्या मापाचा वाळूचा कण तेथे शिरला की तो कानशीसारखे काम करतो.

जुन्या गाड्या हे सहन करीत होत्या. आपल्या जुन्या ट्रॅक्टरचा नोझल दोन-अडीचशे बार दाबावर उघडतो. नव्या पिकअपमध्ये 'कॉमन रेल' पद्धत आहे. तिच्यात एका सामाईक नळीत डिझेल १६०० बार आणि त्याहून अधिक दाबाने भरलेले असते. पिकअपच्या टायरात हवा तीन-चार बारच असते, यावरून हा दाब किती आहे याची कल्पना करावी. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचा नियम आला आणि डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आणले गेले. तो निर्णय हवेच्या दृष्टीने अत्यंत चांगला आहे. परंतु त्याबरोबर इंजिने नाजूक झाली. 'आमच्या आजोबांच्या ट्रॅक्टरला काही होत नव्हते' असे म्हणून चालणार नाही. आजोबांचा ट्रॅक्टर निराळा आणि आपली पिकअप निराळी.

पाणी हा मोठा शत्रू

धुळीइतकेच पाणी वाईट. भारतीय मानक १४६० प्रमाणे एक किलो डिझेलमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालते. साठ लिटरची टाकी म्हणजे अदमासे ५० किलो डिझेल. हिशेब केला तर नियमात बसणाऱ्या डिझेलमधूनही टाकीमागे १० ग्रॅमपर्यंत, म्हणजे दोन लहान चमचे पाणी येऊ शकते. ते विरघळलेले असते, पण डिझेल थंड झाले की त्यातील काही वेगळे होऊन तळाशी बसते. शिवाय अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या ओलसर हवेचे दव होऊन डिझेलमध्ये उतरते. आमच्या या वरच्या पठारावर पावसाळ्यात ओल आणि हिवाळ्यात थंडी, दोन्ही भरपूर.

पाण्याने लोखंड गंजते. पंपाला डिझेलचेच वंगण असते, ते पाण्याने तुटते. तापलेल्या नोझलच्या टोकाशी पाण्याची एकदम वाफ होऊन टोकाला इजा होते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढून काळा बुळबुळीत गाळही धरतो. तो गाळ फिल्टरच्या कागदावर बसला की गाडीचा श्वास कोंडतो.

म्हणूनच चांगला फिल्टर दोन कामे करतो. कागदाच्या घड्यांत तो बारीक कण धरतो आणि पाण्याचे थेंब एकत्र करून खालच्या वाटीत सोडतो. त्या वाटीला स्क्रू असतो. तो सैल करून पाणी काढून टाकायचे असते. आम्ही विचारपूस केली तेव्हा दिसले की, कित्येकांनी गाडी घेतल्यापासून तो स्क्रू एकदाही सोडलेला नाही. काहींना तो आहे हेच ठाऊक नव्हते.

खोटा फिल्टर कसा ओळखावा

बाजारात फिल्टर घेताना आपण विचारतो, 'किती मायक्रॉनचा?' हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा की, त्या मापाचे शंभर कण आले तर हा किती पकडतो? डब्यावर '१० मायक्रॉन' लिहिणे सोपे आहे. अर्धे कण पकडणाराही तसे लिहू शकतो. चांगले कारखाने हे प्रमाण 'बीटा' या आकड्याने सांगतात. बीटा ७५ म्हणजे त्या मापाचे ७५ कण आले तर त्यातील एकच पुढे जातो, बाकीचे ७४ अडतात. ज्या फिल्टरवर असा काही आकडा नाही, गाडीच्या पुस्तिकेतील भाग क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही आणि ज्याचे पक्के बिल मिळत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नकली माल वरून हुबेहूब दिसतो. तरी जुना अस्सल फिल्टर शेजारी ठेवून पाहावा. नकली बहुधा हलका लागतो. छपाई पुसट असते, रबराचे कडे कडक असते, आट्या खरबरीत असतात. खरी परीक्षा मात्र कापल्यावरच होते. म्हणून आम्ही एक सवय लावून घेतली आहे, ती आपणही लावावी. काढलेला जुना फिल्टर फेकू नये. उरलेले डिझेल काढून टाकून, मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर, तो हाताच्या करवतीने सावकाश कापावा आणि कागद उलगडून पांढऱ्या फडक्यावर पसरावा. तांबूस कीस दिसला तर ड्रम किंवा टाकी गंजली आहे. काळा चिकट थर असेल तर पाणी फार दिवस साचले आहे. कागद डिंकापासून सुटला असेल किंवा घड्या मोजक्याच व लांब लांब असतील, तर माल खोटा आहे. शेतकरी जसा मातीवरून शेत ओळखतो तसा फिल्टरवरून डिझेल ओळखता येते.

जुना फिल्टर पेट्रोलने धुऊन किंवा हवा मारून पुन्हा बसवण्याची खोड सोडावी. कागदाची भोके त्याने फाटतात आणि आपल्याला वाटते की गाळणी स्वच्छ झाली.

दोन फिल्टर बसवावेत काय?

अलीकडे शहरातून आलेले काही जण जादा फिल्टर लावून देतो म्हणतात. अनेकांनी आम्हांला विचारले, लावावा काय? आमचे उत्तर असे की, आधी घरची शिस्त, मग जादा फिल्टर. जो माणूस एकच फिल्टर वेळेवर बदलत नाही, तो दोन लावून दोन्ही वेळेवर बदलणार नाही. त्याच्या गाडीला अडचणी दुप्पट होतील.

मात्र ज्यांना डिझेल ड्रममध्ये साठवून वापरावेच लागते, त्यांच्यासाठी पाणी वेगळे करणारा जादा फिल्टर खरोखर उपयोगी आहे. तो लावताना क्रम नीट ठेवावा. टाकीकडच्या बाजूला जाड गाळणी, म्हणजे ३० मायक्रॉनच्या आसपासची, खाली पारदर्शक वाटी असलेली. बारीक गाळणी शेवटी, कंपनीने दिलेल्या जागी. कोणी उलट करून बारीक गाळणी आधी लावली तर पंपाला डिझेल ओढायला जड जाते, त्याची उपासमार होते आणि वाचवायला गेलेला पंपच बिघडतो. जोड सैल राहिला तर गाडी एअर घेते. हमीची मुदत चालू असेल तर विक्रेत्याकडून आधी लेखी विचारून घ्यावे, नाहीतर पुढे हमी नाकारली जाते.

त्याहूनही सोपी सुधारणा घरी आहे. ड्रम सावलीत, आडवा आणि किंचित तिरपा ठेवावा, म्हणजे पाणी व गाळ एका कडेला बसतो. झाकणावर पावसाचे पाणी साचू देऊ नये. ओतल्यावर रात्रभर निवू द्यावे. तळाचे चार बोटे डिझेल गाडीत कधीच घालू नये. उन्हाळ्यात भरलेला ड्रम पौषात वापरू नये, कारण मानकाप्रमाणे उन्हाळी डिझेल १८ अंशांपर्यंतच फिल्टरमधून नीट वाहण्याचे बंधन आहे, तर हिवाळी डिझेलला ती मर्यादा ६ अंश आहे. कडाक्याच्या पहाटे उन्हाळी डिझेलमध्ये मेणाचे कण धरतात आणि चांगला फिल्टरही तुंबतो. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर दव कमी धरते. आणि रॉकेल मिसळण्याची जुनी युक्ती आता विसरावी. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्याने डिझेलचे वंगण कमी होऊन पंप झिजतो.

अंगाला जपावे

आता आरोग्याच्या तीन गोष्टी. पहिली: ड्रममधील डिझेल नळी तोंडाने ओढून काढू नये. एक घोट श्वासनळीत गेला तर फुप्फुसाला सूज येते, खोकला व ताप येतो, जीवही धोक्यात येतो. कोणी डिझेल गिळले तर उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते. सरळ दवाखाना गाठावा. पंधरा-वीस मिनिटांच्या सोयीसाठी छाती गमावू नये. हाताने चालणारा लहान पंप बाजारात मिळतो, तो चार घरांनी मिळून घ्यावा.

दुसरी: गाडीने एअर घेतली की जुने मिस्त्री इंजेक्टरची नळी सैल करून हवा काढीत. कॉमन रेल गाडीत इंजिन चालू असताना हे मुळीच करू नये, गळती हाताने चाचपूही नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, दुखतही नाही, पण आत मांस सडू लागते आणि बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. असे झाल्यास त्याच क्षणी रुग्णालयात जावे आणि 'दाबाचे डिझेल घुसले आहे' हे शब्द डॉक्टरांना सांगावेत. नव्या फिल्टरातही डब्यातले डिझेल ओतू नये. हाताच्या प्राइमरने किंवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे भरावे, म्हणजे न गाळलेले डिझेल पुढे जात नाही.

तिसरी: इंजेक्टर झिजला की डिझेल नीट फवारले जात नाही आणि गाडी काळा धूर ओकते. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. अंगणात गाडी चालू ठेवून गप्पा मारणाऱ्यांनी आणि त्या धुरात खेळणाऱ्या लेकरांच्या आईबापांनी हे मनावर घ्यावे.

काटकसर आणि कंजुषी

शेतकऱ्याला काटकसर शिकवण्याची गरज नाही. पण काटकसर आणि कंजुषी यांत फरक आहे. फिल्टरला काही शे रुपये लागतात. इंजेक्टरचे काम हजारांत जाते आणि पंपही गेला तर बिल लाखाकडे धावते. तेवढ्यात गाडी दोन-तीन आठवडे मिस्त्रीच्या दारात उभी राहते, धान खळ्यावर राहते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. दीडशे रुपये वाचवून आम्ही काय कमावले, ते वर सांगितलेच आहे.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक गाडीवाल्याने एक वही ठेवावी. तीत फिल्टर बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि बिल लिहावे. पुस्तिकेत जे अंतर दिले असेल त्याच्या आधीच बदलावा, कारण ती पुस्तिका आपल्या धुळीच्या कच्च्या रस्त्यांवर बसून लिहिलेली नाही. आठवड्यातून एकदा पाण्याचा स्क्रू सोडावा, पावसाळ्यात दोनदा. पिवळा दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन आधी पाणी काढावे. पंपावर मापाविषयी शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागण्याचा आणि डिझेलची घनता पाहण्याचा आपला हक्क आहे, तो सौजन्याने पण न भिता वापरावा. नकली माल गळ्यात पडला तर बिल घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करावी. दहा गाडीवाल्यांनी मिळून अस्सल फिल्टर पेटीने मागवले तर भावही उतरेल आणि खोट्या मालाला गिऱ्हाईकही राहणार नाही.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर मंदिराच्या आवारात आम्ही आमच्या पिकअपचा जुना फिल्टर सर्वांसमोर कापणार आहोत. आपणही आपापले जुने फिल्टर घेऊन यावे. कोणाच्या गाडीत काय निघते ते एकमेकांनी पाहावे, हसावे आणि शिकावे. पुढच्या वेळी रात्री-अपरात्री निरोप आला, तेव्हा त्या चढावर कोणाचीही गाडी थांबू नये, एवढीच आमची इच्छा आहे.